सातबाऱ्याची झेरॉक्स आणि सॉफ्टवेअरचं भगदाड

सायबर सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. ओटीपी कुणाला सांगू नका आणि अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. दोन्ही बरोबर आहेत, माझी आईसुद्धा ते पाळते. पण आज मला ज्या विषयावर भांडायचंय तो माझ्या आईच्या हातात नाही. तो आमच्या, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या हातात आहे, आणि आम्ही तो वर्षानुवर्षं निव्वळ आळसाने नासवून ठेवलाय. पोस्ट लांब आहे, विषय कोरडा वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचा. २०२४ मध्ये याच कोरड्या विषयातून जगभरच्या असंख्य सर्व्हरांची किल्ली भलत्याच हातात जाता जाता राहिली.

आधी जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडं.

कुठलंही सॉफ्टवेअर आज कुणी मुळापासून लिहीत नाही. फाइल दाबून लहान करायची, फोटो उघडायचा, माहिती कुलूपबंद करून पाठवायची, अशा प्रत्येक कामासाठी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड असतो. त्याला लायब्ररी म्हणतात. आपला प्रोग्रॅम तयार करताना, आमच्या भाषेत ‘बिल्ड’ करताना, संगणकाला सांगावं लागतं की अमुक लायब्ररी या मशीनवर कुठे आहे, तिची आवृत्ती कोणती, ती जोडताना आणखी काय काय लागतं. हे सांगणारी एक छोटी फाइल असते. तिला आपण मदतनीस फाइल म्हणू. भांडण एवढ्यावरच आहे: ही फाइल कुणी लिहायची, कुठे ठेवायची आणि वापरणाऱ्यापर्यंत कशी पोचवायची?

शेतजमीन घेताना तुम्ही काय करता? ताजा सातबारा काढता. विकणाऱ्याने दहा वर्षांपूर्वीची झेरॉक्स पुढे केली तर तुम्ही उठून निघून जाल. मधल्या काळात वारस लागले असतील, बँकेचा बोजा चढला असेल, अर्धी जमीन रस्त्यात गेली असेल. झेरॉक्सवर यातलं काहीच दिसणार नाही, आणि तरी ती अगदी खऱ्यासारखी दिसेल.

आम्ही सॉफ्टवेअरवाले मात्र वर्षानुवर्षं झेरॉक्सवर व्यवहार करतोय.

माझं म्हणणं एका दमात सांगतो. प्रत्येक लायब्ररीने स्वतःचा सातबारा स्वतः द्यावा. तो लायब्ररीबरोबरच इन्स्टॉल व्हावा. त्यात शक्यतो साधी माहिती असावी, शोधाशोध करणारा कोड नसावा. आणि त्याच्या प्रती लोकांच्या प्रोजेक्टांत पेरायची पद्धत बंद व्हावी.

आता आधी माझीच लाज सांगतो, म्हणजे पुढचं बोलायचा हक्क मिळेल.

मी पुण्यात पंधरा वर्षं सी आणि सी-प्लसप्लसमध्ये काम करतोय. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक प्रॉडक्ट होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण हीच कथा अजून पन्नास ठिकाणी घडत असणार. त्यात वापरलेल्या एका लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली, दुरुस्त आवृत्ती आली. आम्ही बिल्ड मशीनवर नवी आवृत्ती टाकली, प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड केला, चाचण्या पास, तिकीट बंद. ग्राहकाला मेल गेला की दुरुस्ती झाली. सही माझी.

काही आठवड्यांनी टीममधल्या एका नव्या मुलीने विचारलं, “सर, लॉगमध्ये या लायब्ररीची आवृत्ती जुनीच का छापून येतेय?”

मी म्हटलं, “कॅश असेल, क्लीन बिल्ड कर.”

“केलं सर. दोनदा.”

मग बसलो दोघं. सापडलं ते असं: प्रोजेक्टच्या एका फोल्डरात सीमेकची एक ‘फाइंड’ फाइल होती. लायब्ररी कुठे आहे ते शोधून काढणारी. ती आम्ही आधीच्या प्रोजेक्टातून उचलली होती, त्या प्रोजेक्टने आणखी कुठून तरी. त्या फाइलमध्ये कुणीतरी कधीतरी एक ओळ घातली होती, की आधी अमुक फोल्डरात बघ. त्या फोल्डरात पाच वर्षांपूर्वी हाताने बिल्ड केलेली जुनी लायब्ररी पडून होती. आमचा प्रोग्रॅम इमानेइतबारे तीच जोडून घेत होता. नवी आवृत्ती मशीनवर होती, पण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

त्या मुलीने विचारलेला दुसरा प्रश्न मला अजून टोचतो. “सर, ही फाइल लिहिली कुणी?” मला उत्तर देता आलं नाही. कोडची प्रत्येक ओळ आम्ही रिव्ह्यू करायचो. स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवायचो. आणि जी फाइल कुठला कोड जोडायचा ते ठरवते, ती मात्र कुणीच वाचली नव्हती. ग्राहकाला दुसरा मेल लिहावा लागला. तो लिहिताना काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

आता ही पद्धत आली कुठून ते बघू, कारण सुरुवातीला तिच्यात मूर्खपणा नव्हता.

१९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं. तेव्हा युनिक्सचे डझनभर प्रकार होते आणि प्रत्येकाचं काही ना काही वेगळं. ऑटोकॉन्फने उपाय काढला: ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट तयार करायची आणि सोर्सबरोबर द्यायची. ती वापरणाऱ्याच्या मशीनवर चाचपडून बघते की इथे काय आहे, काय नाही. वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ असण्याचीही गरज नाही. त्या काळात हे उत्तमच होतं. या स्क्रिप्टा ज्या तुकड्यांतून बनतात त्या ‘एम-फोर’ भाषेतल्या फाइल. हे तुकडे एकमेकांच्या प्रोजेक्टातून उचलून आपल्यात ठेवायचे, हा रिवाज तिथेच पडला.

२००० च्या सुमारास पीकेजी-कॉन्फिग आलं. त्याची कल्पना मला आजही सुंदर वाटते. लायब्ररीने इन्स्टॉल होताना आपल्याबरोबर एक ‘पीसी’ फाइल ठरलेल्या जागी ठेवायची. आठ-दहा ओळींची. नाव, आवृत्ती, आणखी कुठल्या लायब्ररी लागतात, जोडताना काय लिहायचं. संपलं. ती फाइल स्वतः काहीही शोधत नाही, चालवत नाही. लायब्ररी बदलली की ही फाइलही बदलते, कारण दोघी एकाच पॅकेजमधून येतात. आणि वापरणारा म्हणू शकतो की मला निदान अमुक आवृत्ती हवी. नसेल तर बिल्ड तिथेच थांबतं. आमच्या प्रॉडक्टमध्ये एवढं असतं, तर माझा तो पहिला मेल गेलाच नसता.

सीमेकमध्येही हेच करता येतं. लायब्ररीने आपली ‘कॉन्फिग’ फाइल द्यायची, तिचा मुख्य भाग सीमेक स्वतः तयार करून देतं. सीमेकचे स्वतःचे दस्तऐवज सांगतात की लायब्ररीच्या लेखकांनी हाच मार्ग घ्यावा. ‘फाइंड’ फाइल ही जी लायब्ररी स्वतःची माहिती देत नाही तिच्यासाठीची तडजोड आहे. म्हणजे साधन पंचवीस वर्षांपासून हातात आहे. तरी आजही अनेक लायब्ररींच्या माहितीपानावर लिहिलेलं असतं, “ही फाइल तुमच्या प्रोजेक्टात कॉपी करा.” बाबांनो, का?

“एका फाइलने काय होतंय” असं कुणी म्हणालं, की मी एक्सझेडचं उदाहरण देतो.

एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी. जवळपास प्रत्येक लिनक्स मशीनवर असते. लासे कॉलिन नावाचा फिनलंडचा एक माणूस ती वर्षानुवर्षं मोकळ्या वेळात, पैसे न घेता सांभाळत होता. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदत करू लागलं. दोन-अडीच वर्षं सभ्यपणे काम केलं, विश्वास मिळवला, नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करायचा अधिकार मिळवला. मग २४ फेब्रुवारी २०२४ ला आवृत्ती ५.६.० आली आणि ९ मार्चला ५.६.१. दोन्हींत चोरदरवाजा होता. डेबियन, फेडोरासारख्या वितरणांत ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायचं अधिकृत दार, सिस्टमडीच्या आडवाटेने या लायब्ररीला जोडलेलं होतं. ज्याच्याकडे ती खास गुप्त किल्ली, त्याला लॉगिन न करता सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. नोंद झाली सीव्हीई-२०२४-३०९४ या क्रमांकाने. गंभीरता दहापैकी दहा.

आता नीट वाचा. चोरदरवाज्याचा ऐवज लपवला होता चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या दोन बायनरी फाइलींत, आणि त्या गिटमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पण त्या उघडून चालू करणारी काडी गिटमध्ये नव्हती. ती होती फक्त टारबॉलमध्ये, म्हणजे प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात, ‘बिल्ड-टू-होस्ट’ नावाच्या एका एम-फोर फाइलमध्ये. मदतनीस फाइल!

आणि ही फाइल बनावट नावाची नव्हती. ग्नूच्या संग्रहात या नावाची खरी फाइल आहे आणि ती कॉपी करून आपल्या गठ्ठ्यात घालणं ही रोजची रीत आहे. हल्लेखोराने झेरॉक्समध्ये चार ओळी घुसवल्या. एम-फोर फाइलींवर अनुक्रमांक असतो, मोठा आकडा म्हणजे नवी फाइल. याच्या फाइलवर आकडा होता ३०, मूळ फाइलच्या कितीतरी पुढचा. म्हणजे आकडा बघून ठरवणाऱ्या साधनालाही हीच ‘नवी’ वाटावी.

टारबॉलमध्ये अशी फाइल आहे जी गिटमध्ये नाही, हे कुणाला का खटकलं नाही? कारण ते नेहमीचंच होतं. टारबॉलमध्ये हजारो ओळींच्या आपोआप बनलेल्या आणि कुठून कुठून कॉपी केलेल्या फाइली असतातच. कोण वाचतंय? एम-फोर वाचायची इच्छा असलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. त्या माणसाने अख्ख्या घरात सगळ्यात अंधारी जागा हेरली. आणि ती जागा आम्हीच अंधारी ठेवली होती.

पकडला गेला तो केवळ आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारा हा अभियंता वेगाची मोजमापं घेत होता. त्याला दिसलं की एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. तोवर ही आवृत्ती डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत, फेडोराच्या विकास शाखेत, ओपनसुसेच्या टंबलवीडमध्ये पोचली होती. स्थिर आवृत्त्यांत पोचली नव्हती. आपल्या सी-डॅकची बॉस लिनक्स डेबियनवरच उभी आहे. बँका, सरकारी कचेऱ्या, इस्पितळं, सगळ्यांच्या मागे कुठे ना कुठे लिनक्स आहे. आपण अर्ध्या सेकंदाने वाचलो. व्यवस्थेने वाचवलं असं कुणी म्हणू नये.

आता हरकती. माझ्या मित्रांनी घेतलेल्याच सांगतो.

पहिली: “हल्लेखोराने ती फाइल गिटमध्येच टाकली असती तर?” टाकता आली असती, खरंय. किंबहुना त्याच नावाने गिटमध्ये आणखी एक खोडी केली होती. सीमेकच्या फाइलमध्ये एक चाचणी होती: या मशीनवर ‘लँडलॉक’ ही सुरक्षेची सोय आहे का? छोटा प्रोग्रॅम कंपाइल करून बघायचा, झाला तर सोय आहे, नाही झाला तर नाही. त्या छोट्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीवर एकटं टिंब घातलं होतं. टिंबामुळे तो कधीच कंपाइल होणार नाही, म्हणून सोय कायम ‘नाही’, म्हणून ते संरक्षण बंद. सगळं उघड्यावर, आणि महिनाभर कुणाला दिसलं नाही. तेव्हा ‘गिटमध्ये असलं की झालं’ असं मी म्हणणार नाही. मी यातून वेगळा धडा घेतो: चाचपडून अंदाज बांधणारा कोड चुकला की ओरडत नाही, गुपचूप ‘नाही’ म्हणतो. म्हणून असा कोड कमीत कमी हवा आणि माहिती जास्तीत जास्त. तरीही उघड्यावरचं टिंब आज ना उद्या सापडतं. टारबॉलमधली काडी शोधायला मुळात कुणी जातच नव्हतं.

दुसरी: “पण एक्सझेड स्वतःची पीसी फाइल देतेच की. मग तुझा उपाय तिथे कुठे कामी आला?” बरोबर. एक्सझेड आपल्या वापरणाऱ्यांशी नीट वागत होती. घोटाळा झाला तो तिने दुसऱ्याकडून घेतलेल्या मदतनीस फाइलच्या प्रतीत. म्हणजे माणूस स्वतःचा सातबारा ताजा देतो, पण शेजाऱ्याचा झेरॉक्सवर चालवतो. रोग एकच आहे, प्रती वाटायचा. जोवर ‘प्रत थोडी वेगळी असणारच’ हे आम्हाला स्वाभाविक वाटतं, तोवर वेगळ्या प्रतीचा संशय येणार नाही.

तिसरी: “विंडोजवाल्यांना पीसी फाइल सोयीची नाही.” मग सीमेकची कॉन्फिग फाइल द्या. दोन्ही द्या. एकाच आवृत्ती-क्रमांकावरून दोन्ही आपोआप तयार करता येतात. सीमेकची कॉन्फिग फाइल तांत्रिकदृष्ट्या कोडच असते, हेही मान्य. म्हणून तर आता ‘कॉमन पॅकेज स्पेसिफिकेशन’ नावाने हीच माहिती साध्या जेसन मजकुरात द्यायचा प्रयत्न चालू आहे. दिशा बरोबर आहे.

चौथी हरकत सगळ्यात वजनदार: “तो बिचारा एकटा माणूस फुकटात लायब्ररी सांभाळतोय. त्याच्यावर आणखी नियम लादणार?” नाही. इथे माझा राग त्या माणसावर नाहीच. माझा राग आमच्यावर आहे. त्याच्या लायब्ररीवर कोट्यवधींची प्रॉडक्टं उभी करणाऱ्या कंपन्यांवर, पुण्यातल्याही. तुम्ही त्या लायब्ररीसाठी ‘फाइंड’ फाइल लिहिलीच ना? दोन दिवस घालवलेच ना? तेच दोन दिवस घालवून पीसी फाइल लिहा आणि मूळ प्रोजेक्टला पाठवा. आठ ओळी आहेत हो! एकदा तिथे गेली की जगातल्या सगळ्यांचं काम झालं. पण नाही, आम्ही आपल्या फोल्डरात प्रत ठेवणार, पुढच्या प्रोजेक्टला तीच देणार, आणि ‘ओपन सोर्सला योगदान’ म्हणून लोगोवाले टी-शर्ट वाटणार.

तर मागण्या अशा.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनो: मदतनीस फाइल लायब्ररीबरोबर इन्स्टॉल करा. “कॉपी करा” ही ओळ माहितीपानावरून काढा. दुसऱ्याची फाइल घ्यावीच लागली तर ती कुठून, कोणत्या आवृत्तीतून घेतली ते लिहा आणि मूळ फाइलशी जुळते की नाही हे प्रत्येक बिल्डला आपोआप तपासा. टारबॉलमध्ये असं काहीही नको जे गिटच्या टॅगवरून दुसऱ्या कुणाला जसंच्या तसं तयार करता येणार नाही.

वितरणं बनवणाऱ्यांनो: तयार गठ्ठ्यावर विसंबू नका. टॅगवरून बिल्ड करा, किंवा निदान गठ्ठा आणि टॅग यांतला फरक माणसाच्या डोळ्यांखालून घाला.

आणि सरकारला, निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना: सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबद्दल, ज्याला एसबॉम म्हणतात, मार्गदर्शक सूचना काढल्या. स्वागतच आहे. पण माझी कथा आठवा. मशीनवर नवी लायब्ररी इन्स्टॉल होती. त्या मशीनच्या पॅकेजांवरून यादी काढली असती तर तिच्यात नवीच आवृत्ती आली असती, आणि प्रोग्रॅममध्ये जुनी चूक तशीच राहिली असती. यादी कागदावर खरी आणि प्रत्यक्षात खोटी. म्हणून नुसती यादी मागू नका. प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्ष काय जोडलं गेलं, त्यावरून यादी बनली आहे का, हे विचारा. पुरवठादाराच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळेल.

सॉफ्टवेअरमधल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे एकच मागणं. सोमवारी ऑफिसला गेलात की आपल्या प्रोजेक्टात ‘फाइंड’ने सुरू होणाऱ्या सीमेकच्या फाइली आणि ‘एम-फोर’ नावाचा फोल्डर शोधा. प्रत्येक फाइलपुढे तीन गोष्टी लिहा: कुणी लिहिली, कुठून आणली, शेवटची कधी वाचली. जिच्यापुढे तिन्ही रकाने रिकामे राहतील, तिथे तुमच्या दाराची कडी बाहेरून कुणी काढू शकेल का, याचा विचार करा.

माझ्या त्या प्रोजेक्टात अशा सात फाइली निघाल्या. चार आम्ही काढून टाकल्या. दोन लायब्ररींना पीसी फाइल लिहून पाठवली, एकीने स्वीकारली, दुसरीकडून अजून उत्तर नाही. सातवी अजून आमच्याकडेच आहे. तिच्या पहिल्या ओळीत आता त्या मुलीचं नाव आहे, तारीख आहे, आणि खाली लिहिलंय: ही प्रत आहे, हिच्यावर विश्वास ठेवू नका.

पटलं तर आपल्या टीमला पाठवा. नाही पटलं तर खाली येऊन भांडा, मी आहे.